वृद्ध ताऱ्यांची ऊब आणि टोपलीभर माती

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि छत्तीसगढच्या मैदानात ‘नौतपा’ सुरू होतो. रायपूर शहरात हे नऊ दिवस वर्षातले सर्वांत कठोर मानले जातात. काही वर्षी पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, तलावांचे काठ उघडे पडून भेगाळतात आणि माणसे दिवस कलण्याची वाट पाहत घरात दडून राहतात. तरीही या भागातला शेतकरी नौतपाकडे वैरी म्हणून पाहत नाही. नौतपा पुरता तापला तर पाऊस पुरता पडेल, अशी त्याची पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. हवामानशास्त्र या समजुतीला किती दुजोरा देईल हा भाग वेगळा. परंतु एकच ताप एकाच्या जिवावर उठतो आणि दुसऱ्याच्या पेरणीची ग्वाही देतो, ही जाणीव तिच्यात आहे आणि ती मोलाची आहे.

या दिवसांत रोहिणीचा तारा आकाशात दिसत नाही. सूर्य त्याच्या जवळून जात असतो आणि त्याच्या तेजात तो तारा बुडून गेलेला असतो. तो दिसू शकला असता तर पाहणाऱ्याला एक विलक्षण जोडी दिसली असती: समोर मध्यम वयाचा सूर्य आणि त्याच्या मागे, सुमारे ६५ प्रकाशवर्षे अंतरावर, त्याच जातकुळीतला एक वृद्ध तारा. रोहिणीचे वस्तुमान सूर्याहून फारसे अधिक नाही. पण तिच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे, तिचे बाह्यांग फुगून सूर्याच्या सुमारे ४४ पट रुंद झाले आहे आणि ती सूर्याच्या सुमारे ४०० पट प्रकाश ओतते आहे. तिचा तांबूस रंग हा तिच्या वार्धक्याचा रंग आहे. सूर्यही एक दिवस असाच होणार आहे. म्हणजे नौतपाच्या दिवसांत सूर्य आपल्याच भविष्यासमोरून चाललेला असतो, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक विधान ठरणार नाही.

भारतीय नक्षत्रमालिकेतले कितीतरी ठळक तारे असे वृद्ध आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. स्वाती हा ३७ प्रकाशवर्षांवरचा एक नारिंगी राक्षसी तारा आहे. पुनर्वसू नक्षत्रातल्या दोन ठळक ताऱ्यांपैकी पोलक्स या नावाने जगभर ओळखला जाणारा तारा सुमारे ३४ प्रकाशवर्षांवर असून तोही याच अवस्थेत आहे. आर्द्रेचा काक्षी आणि ज्येष्ठेचा तांबडा तारा हे तर महाराक्षसी तारे. पण त्यांची गोष्ट निराळी. ते इतके जड आहेत की कोटी-दीड कोटी वर्षांच्या आसपासच त्यांचे आयुष्य आटोपते. त्यांच्याभोवती काही रुजायला उसंतच नाही. रोहिणी, स्वाती आणि पुनर्वसू यांचे तसे नाही. दीर्घ काळ शांतपणे जळून मग त्या म्हातारपणात शिरल्या आहेत. ज्या नक्षत्रांच्या नावाने शेतकरी पावसाची वेळ सांगतो, त्यांच्यातच ताऱ्यांचे वार्धक्य उघड्या डोळ्यांना दिसते.

अशा वृद्ध ताऱ्यांभोवती राहण्याजोगी घरे असू शकतील काय? गेल्या काही दशकांत हा प्रश्न खगोलशास्त्राने गांभीर्याने हाताळला आहे. त्याचा शास्त्रीय गाभा समजण्यास कठीण नाही. पाणी द्रवरूपात राहू शकेल इतके ऊन ज्या अंतरावर पडते, त्या पट्ट्याला राहण्याजोगा पट्टा म्हणतात. ऊन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जाते. गुरू हा सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे. म्हणून आज पृथ्वीवर पडते तितके ऊन गुरूच्या परिवारावर पडायचे असेल, तर सूर्य आजच्या २७ पट प्रखर व्हावा लागेल. शनीसाठी हाच आकडा ९० च्या घरात जातो. तरुण वा मध्यमवयीन सूर्याला हे शक्य नाही. वृद्ध सूर्याला आहे. तारा फुगत जातो तसा हा पट्टाही बाहेर सरकत जातो. जी जगे जन्मापासून गोठलेली होती, त्यांच्या दारात पहिल्यांदाच ऊब येते.

सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. दर १०० कोटी वर्षांना तो साधारण १० टक्क्यांनी अधिक प्रखर होतो. त्यामुळे पृथ्वीवरचे सागर टिकण्याची मुदत सूर्याच्या आयुष्याहून बरीच कमी आहे. ती पुढची १०० कोटी वर्षे किंवा त्याहून काहीशी अधिक असावी, असे मानले जाते. त्यानंतर बऱ्याच काळाने सूर्य राक्षसी अवस्थेत जाईल. क्लाउस-पीटर श्रोडर आणि रॉबर्ट स्मिथ यांनी २००८ मध्ये मांडलेल्या गणितानुसार आजपासून सुमारे ७६० कोटी वर्षांनी तो पृथ्वीलाही गिळून टाकील. असे गिळणे ही आता केवळ कागदावरची गोष्ट राहिलेली नाही. गरुड तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे १२,००० प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याने आपला एक ग्रह गिळल्याचा पुरावा किशलय डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला.

दुसऱ्या बाजूचे चित्र मात्र असे नाही. राल्फ लॉरेन्झ, जोनाथन ल्युनिन आणि क्रिस्टोफर मॅके यांनी १९९७ मध्येच दाखवले होते की, राक्षसी सूर्याच्या काळात शनीचा टायटन हा उपग्रह काही काळ, कदाचित काही दहा कोटी वर्षे, पाणी आणि अमोनियाच्या द्रवाने ओला राहू शकेल. २००५ मध्ये लोपेझ, श्नायडर आणि डांची यांनी अशा ताऱ्यांभोवतीच्या मुदती मोजल्या. २०१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील रामिरेझ आणि काल्टेनेगर यांनी सूर्यासारख्या ताऱ्याच्या उत्तरायुष्यात ही ऊब ५० कोटी वर्षांपर्यंत टिकू शकेल, असे गणित मांडले. यात अडचणी पुष्कळ आहेत. वृद्ध तारा जोरदार वारे सोडतो आणि ते लहान जगांचे वातावरण उडवून नेऊ शकतात. युरोपासारख्या उपग्रहाचे गुरुत्व इतके दुबळे आहे की वितळलेले पाणी तो फार काळ धरून ठेवू शकणार नाही. प्रत्यक्ष निरीक्षणांचे क्षेत्रही अजून बाल्यावस्थेत आहे. पोलक्सभोवती २००६ मध्ये एक ग्रह निश्चित झाला, पण तो गुरूच्या दुपटीहून जड असून ताऱ्याभोवती ५९० दिवसांत फिरतो. त्याच्या स्थानी उन्हाचा मारा पृथ्वीच्या कितीतरी पट आहे. रोहिणीभोवती ग्रह असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०१९ मधल्या अभ्यासाने त्याविषयी शंका घेतली. तेव्हा शक्यता आहे, पुरावा अद्याप नाही, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

येथवर शास्त्राचा प्रांत झाला. यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो नैतिक आहे. अशी शक्यता कळल्यानंतर माणसाने आपल्या वर्तमानाविषयी काय समजावे?

या ज्ञानातून दोन निष्कर्ष चटकन काढले जातात. पहिला असा: जर पृथ्वी अखेरीस जळूनच जाणार असेल, तर तिच्यावर काय राखले आणि काय गमावले याला अंतिम अर्थ नाही. दुसरा याच्या अगदी उलट भासतो: पृथ्वी गेली तरी चिंतेचे कारण नाही, जीवनाला अन्यत्र जागा आहे, माणूस तिकडे जाईल. पहिला निष्कर्ष विरक्तीचा आव आणतो, दुसरा आशेचा. पण बारकाईने पाहिले तर दोघांचे मूळ एकच आहे. पहिला ‘केव्हातरी’ या शब्दाच्या आड लपतो, दुसरा ‘अन्यत्र’ या शब्दाच्या आड. आणि ‘येथे, आता’ या दोन शब्दांतून निर्माण होणारे कर्तव्य दोघेही टाळतात.

पहिल्या निष्कर्षातली चूक मुख्यतः मोलाच्या कल्पनेची आहे. जे कायम टिकते तेच मोलाचे, असे त्यात गृहीत धरलेले असते. पण माणसाच्या जगण्यातल्या एकाही मोलाच्या गोष्टीला ही कसोटी लागू पडत नाही. छत्तीसगढच्या मैदानाला ‘धानाचा कटोरा’ म्हणतात. तिथले भाताचे पीक चार-पाच महिन्यांत शेतातून निघून जाते. ते कायमचे नसते म्हणून त्याची राखण व्यर्थ आहे, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. उलट ते मुदतीचे असते म्हणूनच रोवणी वेळेवर व्हावी लागते, पाणी वेळेवर द्यावे लागते, कापणी वेळेवर करावी लागते. कर्तव्य निर्माण होते ते मुदतीतून. ज्याला अंत नाही त्याची राखण करण्याचे कारणच उरत नाही.

शिवाय या निष्कर्षात मापांचा मोठा गोंधळ आहे. १०० कोटी वर्षे ही संख्या उच्चारायला सोपी असली तरी माणसाच्या संपूर्ण इतिहासाला तिच्यापुढे क्षणाचीही किंमत नाही. मानवजातीचे वय सुमारे ३ लाख वर्षे धरले, तर १०० कोटी वर्षांत तसे तीन हजारांहून अधिक इतिहास मावतील. येत्या शंभर वर्षांत एखादी नदी आटली, एखादे जंगल गेले, एखादी बोली मेली, तर त्याचा दोष सूर्याच्या वार्धक्याकडे जाणार नाही. इतक्या दूरच्या प्रलयाचा दाखला देऊन आजच्या नुकसानीला क्षम्य ठरवणे हा तत्त्वचिंतनाचा देखावा आहे. वृद्ध सूर्य या प्रकरणात साक्षीला येऊ शकत नाही. तो अजून वृद्धच झालेला नाही.

दुसरा निष्कर्ष अधिक मोहक आहे, म्हणून त्याची छाननीही अधिक काळजीपूर्वक करायला हवी. ‘अन्यत्र’ ही कल्पना काय आहे, हे समजण्यासाठी रायपूरशी जोडलेल्या एका छोट्या कथेचा आधार घेता येतो. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये एका मराठीभाषक कुटुंबात झाला आणि १९२६ मध्ये रायपूरला त्यांचे निधन झाले. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे हे गृहस्थ मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवरचे एक मोठे विचारक होते. १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले आणि १९०१ मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध केली. हिंदीतल्या आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते.

कथा साधी आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. शेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. त्याच झोपडीत तिचा नवरा आणि एकुलता मुलगा गेलेला, सूनही पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून गेलेली. जमीनदार वकिलांच्या जोरावर न्यायालयातून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी आसपास कुठेतरी राहू लागते. मग एके दिवशी ती टोपली घेऊन येते. घर सुटल्यापासून नातीने अन्न सोडले आहे. आपल्या घरी नेशील तरच भाकरी खाईन असे ती म्हणते. तेव्हा या झोपडीतली टोपलीभर माती नेऊन तिची चूल घालावी आणि तिच्यावर भाकरी भाजावी, असे म्हातारीच्या मनात आहे. जमीनदार परवानगी देतो. टोपली भरल्यावर ती त्यालाच हात लावायला सांगते आणि त्याच्याने टोपली हलत नाही. एका टोपलीचे ओझे पेलवत नसेल, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्या मातीचे ओझे जन्मभर कसे पेलशील, असे म्हातारी विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

या कथेचे तात्पर्य सहसा लोभाविषयी सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. म्हातारीला ‘अन्यत्र’ जागा मिळालेली होती. नात उघड्यावर नव्हती. तापमान, छप्पर, अन्न, पाणी या निकषांवर नवी जागा राहण्याजोगी होती. तरी मूल तिथे जेवत नव्हते. म्हणजे एखादी जागा जगण्यास पुरेशी असणे आणि ती घर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजता येते. दुसरी संबंधातून घडते. खगोलशास्त्रज्ञ ‘राहण्याजोगा’ हा शब्द पहिल्या अर्थाने वापरतात, आणि त्यांच्या कामासाठी तो पुरेसा आहे. चूक होते ती त्या शब्दाला गुपचूप दुसरा अर्थ चिकटवला जातो तेव्हा.

या चुकीचा व्यवहारातला अवतार फार दूर शोधावा लागत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हसदेव अरण्यातील गावकरी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला आले. त्यांच्या जंगलाखाली कोळसा आहे आणि त्या कोळशासाठी जंगल व गावे जाऊ नयेत, हे त्यांचे म्हणणे होते. कोळशाची गरज खरी आहे. ज्या विजेवर शहरे चालतात, तिचा मोठा भाग त्यातूनच येतो. या वादाचा निवाडा निबंधात होणार नाही. पण त्या वादाच्या मुळाशी असलेली एक कल्पना येथे तपासून पाहता येते. एका ठिकाणचे जंगल तोडले तर दुसऱ्या ठिकाणी झाडे लावावीत, याला ‘पर्यायी वनीकरण’ म्हणतात. हिशेबाच्या वहीत इतके हेक्टर गेले आणि इतके आले अशी नोंद होते. ‘पर्याय’ हा शब्द तिथे जे काम करतो, तेच काम दूरच्या ग्रहांच्या चर्चेत ‘अन्यत्र’ हा शब्द करतो. गमावलेले आणि मिळवलेले एकाच मापाचे आहेत, म्हणून गमावण्याचे दुःख करण्याचे कारण नाही, असे दोन्ही शब्द सुचवतात. त्या जंगलाखालचा कोळसाही जुन्या उन्हाचाच साठा आहे, हे या संदर्भात आठवण्यासारखे आहे. पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी पृथ्वीवर पडलेले ऊन वनस्पतींनी धरून ठेवले आणि ते दगड होऊन उरले. इतक्या सावकाश साठलेल्या गोष्टीला घाईचा पर्याय सापडत नाही.

याउलट, जपणुकीची वेगळी कल्पना रायपूरनेच दाखवलेली आहे. राधेलाल हरेलाल रिछारिया या भातशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात इथल्या गावोगावांतून भाताचे हजारो वाण गोळा केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातील संग्रहात आज भाताचे २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. हे वाण शेकडो वर्षांत वेगवेगळ्या शेतांनी घडवले: कोणता उंचवट्याच्या कोरड्या जमिनीचा, कोणता पाणथळीचा, कोणता लवकर येणारा, कोणता सुगंधी. शीतगृहातले बी जिवंत असते, पण ते थांबलेले असते. त्याला पुन्हा आपले शेत, आपला पाऊस आणि ते पेरणारा हात मिळावा लागतो. संग्रह आवश्यक आहे, पण तो शेताचा पर्याय नाही. राहण्याजोगे असणे हा जागेचा एकटीचा गुण नाही. तो बी, माती, ऋतू आणि राखणदार यांच्यातला संबंध आहे, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप न्याय्यपणे घेता येईल. संबंध जडतात तसे नव्याने जोडताही येतात. मराठी माणसे भोसल्यांच्या काळात नागपूरहून छत्तीसगढात आली, पुढे नोकऱ्यांच्या निमित्ताने आली, आणि रायपूर हे त्यांच्या वंशजांचे घर झाले. स्थलांतर हा मानवी इतिहासाचा नियमच आहे. मग अतिदूर भविष्यात जीवनाचा दिवा विझू नये म्हणून कोणी दुसऱ्या जगाकडे निघाले, तर त्यात गैर काय? जीवन टिकावे ही इच्छा सद्‌गुणच नव्हे काय?

या आक्षेपातले सत्य मान्य करायला हवे. जाणे हे स्वतः गैर नाही. परंतु जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला भेद सप्रे यांच्या कथेतली टोपली दाखवते. म्हातारी आपल्या घराची माती बरोबर घेऊन जाऊ पाहते. ज्या जागेने घडवले तिचे ऋण ती नव्या चुलीत घालू इच्छिते. तिला त्या मातीचे वजन ठाऊक आहे. जमीनदाराला मात्र झोपडीची जागा म्हणजे आवार वाढवण्याची मोकळी लांबी-रुंदी आहे. म्हणून प्रत्यक्ष उचलायची वेळ आली की तीच माती त्याला पेलत नाही. पृथ्वीला सहज बदलता येणारी जागा समजून जो दुसरीकडे जाईल, तो तिथेही जमीनदारच होईल. त्याला दुसरे जग मिळेल, घर मिळणार नाही. आणि त्या दुसऱ्या जगाचेही तो पहिल्याचे केले तेच करील. ज्याने ही माती उचलून पाहिली आहे, त्यालाच कदाचित कधीतरी दुसरी चूल घालण्याचा अधिकार असेल.

अधिकाराचा प्रश्न आणखी एका दिशेने खोल जातो. वृद्ध सूर्याची ऊब ज्या जगांवर पडेल, ती जगे माणसासाठी राखून ठेवलेली आहेत, हे कोणी ठरवले? युरोपा आणि एन्सेलाडस या उपग्रहांच्या बर्फाखाली आजही पाणी आहे, असे मानण्यास भक्कम आधार आहे. त्या काळोख्या पाण्यात आताच काही जगत असेल काय, हे ठाऊक नाही. पृथ्वीच्या जन्मानंतर जीवनाचे विश्वसनीय अवशेष सापडण्यास सुमारे १०० कोटी वर्षांचा काळ जावा लागला. तेव्हा वृद्ध ताऱ्याच्या काही कोटी वर्षांच्या उबेत जीवन कोऱ्या पाटीवरून सुरू होईल काय, हे सांगणे कठीण आहे. कदाचित त्याचे बी बाहेरूनही येऊ शकेल. २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली आणि तीत सूक्ष्मजीव आढळले. या प्रयोगात जयंत नारळीकर सहभागी होते. ते जीव अंतराळातून उतरले की पृथ्वीवरूनच वर गेले, याविषयी मतभेद राहिले. परंतु बर्फाखाली आधीच काही असेल, तर वृद्ध सूर्य त्यांच्यासाठी आरंभ ठरेल: छप्पर वितळेल आणि आकाश प्रथमच दिसेल. ती पाळी त्यांची असेल.

या शक्यतेपुढे माणसाने कसे वागावे याचे उत्तर सिद्धांतात शोधण्याची गरज नाही. ते काही अंशी आचरणात आलेले आहे. २००३ च्या सप्टेंबरमध्ये गॅलिलिओ हे यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात घालून नष्ट करण्यात आले. त्याचे इंधन संपत आले होते आणि ते भरकटून युरोपावर आदळले असते, तर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तिथल्या पाण्यात जाण्याचा धोका होता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनी यानाला याच विचाराने शनीच्या वातावरणात जाळण्यात आले, म्हणजे एन्सेलाडस आणि टायटन अबाधित राहावेत. कोणी आहे की नाही हे माहीत नसताना, केवळ कोणी असू शकेल म्हणून माणसाने आपले मौल्यवान यंत्र नष्ट केले. ज्यांच्याकडून आभाराची, भीतीची वा प्रतिफळाची कसलीही शक्यता नाही, अशांसाठी केलेला हा संयम आहे. नीतिविचारात निरपेक्षतेची उदाहरणे बहुधा पुराणांतून दिली जातात; हे उदाहरण दोन दशकांतले आहे.

आणि मग एक अवघड प्रश्न अटळपणे पुढे येतो. जो समाज अज्ञात सूक्ष्मजीवांसाठी इतका संयम दाखवू शकतो, तो आपल्याच पृथ्वीवरच्या ज्ञात माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी तो का दाखवू शकत नाही? याचे एक उत्तर असे असावे की, दूरच्या जगाबाबत आपला काही स्वार्थ नसतो, तर जवळच्या जमिनीखाली कोळसा असतो. संयम कठीण होतो तो लाभाच्या सान्निध्यात. म्हणूनच दूरच्या जगांविषयीची नीती जवळच्या जगात आणणे हे खरे काम आहे. युरोपाच्या दिशेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेले यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. ते काय शोधते याची उत्सुकता स्वाभाविक आहे. पण त्याने काहीही शोधले तरी हसदेवच्या जंगलाविषयीचा प्रश्न तिळमात्र हलका होणार नाही.

वृद्ध ताऱ्याच्या उबेत दयाही नाही आणि क्रौर्यही नाही. जो विस्तार बुध आणि शुक्राला गिळून टाकतो, तोच टायटनला ओले करतो. ज्यासाठी प्रलय त्यासाठी प्रलय, ज्यासाठी पहाट त्यासाठी पहाट. ताऱ्याला या दोहोंचीही खबर नसते. त्यामुळे विश्वाकडून नीती शिकता येते असे मानणे भाबडेपणाचे आहे, आणि विश्वात नीती नाही म्हणून माणसातही ती नसावी असे म्हणणे त्याहून भाबडेपणाचे आहे. खबर ठेवणारा या व्यवहारात सध्या एकच ज्ञात आहे. ज्याला कळते त्याच्यावरच जबाबदारी येते. ती ताऱ्याकडे सोपवता येत नाही.

या साऱ्या ज्ञानाने माणसाच्या स्थानाविषयी काही सांगितले असेल तर ते इतकेच की, राहण्याजोगे असणे ही मालकी नसून पाळी आहे. युरोपाची आज थंडीची पाळी आहे. पृथ्वीची आज उबेची. कोणत्याही जगाने ती ऊब कमावलेली नाही. ती मिळाली आहे आणि मुदतीने मिळाली आहे. पुनर्वसू या नावाचा अर्थ ‘पुन्हा धन आणून देणारे’ असा सांगतात. ताऱ्यांच्या राज्यात कोणाला काय पुन्हा मिळेल हे त्यांच्या वयावर ठरेल, आणि ते मिळेल तेव्हा ते बहुधा कोण्या दुसऱ्याचे असेल. आपल्या पाळीत आपल्या हाती आलेले धन मात्र मोजता येण्याजोगे आहे: एक मैदान, त्यातले तलाव, भाताचे काही हजार वाण, उत्तरेकडचे एक जंगल, आणि नौतपानंतर येणारा पाऊस. त्याचे वजन किती आहे हे जाणून घेण्यासाठी रोहिणीपर्यंत जावे लागत नाही. एक टोपली भरून उचलून पाहावी लागते.